हाकेचा माणूस

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये ठाकूरदास शेठचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तेवीस वर्षं त्या दुकानात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू यायची ती एकच हाक, "श्यामकांत!" अंबरनाथच्या कुण्या बाईंना थोरल्याच्या पत्रिकेसारखीच धाकट्याची हवी असे; "श्यामकांत!" कुणी नमुना बघायला मागे, "श्यामकांत!" मागे छपाईच्या मशीनवर नितीनने कागद चढवलेला असे आणि फाइल सापडत नसे; मग तर शेठ खुर्चीतून अर्धे उठून ओरडत.

दुकानाचा कॉम्प्युटर सांभाळणारा श्यामकांत लगेच हलत नसे. हाकेला लगेच ओ दिली तर तिची किंमत राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हातातला चहा संपवायचा, चष्मा पुसायचा, "कोण म्हणालात? मोरे? कुठले, वांगणीचे का?" असं विचारायचं आणि मग बोटं चालवायची. बोटं मात्र अशी चालत की गिऱ्हाईक गप्प होई. माउसला तो हात लावत नसे. त्याच्यावर डब्याचा रुमाल वाळत घातलेला असे. त्याच्या पडद्याचे दोन कप्पे असत, डावा आणि उजवा, आणि दोन्हींत नुसत्या नावांच्या ओळी. चित्र म्हणून एक नाही. एफ फाइव्ह दाबलं की डावीकडची फाइल उजवीकडे उतरे, एफ सिक्सने ती उचलूनच तिकडे जाई. चारशे फाइलींची नावं एका दमात बदलायची असली तरी तो एक ओळ लिही आणि चहा ढवळायच्या आत काम होई.

फाइलींना नावं देण्याची रीतही त्याचीच. एमजीएल, बीआरव्ही, डी वन, एकवीस. म्हणजे मेंगाळ, बारवीकडचे, पहिली मुलगी, साल दोन हजार एकवीस. अकरा हजार पत्रिका अशा नावांनी त्या कॉम्प्युटरात झोपलेल्या होत्या आणि त्यांना उठवणारा माणूस जगात एकच होता. याचा त्याला अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, तो अभिमान रास्तही होता. त्या दुकानात कधी एक पत्रिका हरवली नाही.

मग किर्ती आली. बदलापूरची, बेलवलीत राहणारी, चोवीस-पंचवीसची मुलगी. शेठनी तिला काउंटरसाठी आणि फोनवर येणाऱ्या ऑर्डरींसाठी ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "काका, मला पण शोधता येईल असं काही आहे का? गिऱ्हाईक फोनवर थांबून राहतं."

"येईल की," श्यामकांत म्हणाला, "चार-पाच वर्षं जातील."

तो थट्टेत बोलला असं त्याला वाटलं. तिला तसं वाटलं नाही.

पुढे त्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दहा दिवस पडद्यापुढे बसायचं नाही म्हणून बजावलं. अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्यांत तो हिरवी पट्टी लावून पडून राहिला. पहिल्या दिवशी दुकानातून नऊ फोन आले. अमकी पत्रिका कुठे, तमकी कुठे. त्याने पडल्या पडल्या, डोळे मिटून, तोंडी नावं सांगितली आणि बायकोकडे, बकुळाकडे, असं पाहिलं की जणू दिल्लीहून फोन आला होता. दुसऱ्या दिवशी चार आले. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी त्याने बकुळाला दोनदा विचारलं, "माझा फोन चार्ज आहे ना?"

फोन चार्ज होता. त्यानंतर तो वाजलाच नाही.

अकराव्या दिवशी दुकानात पाऊल टाकलं तेव्हा शेठ काउंटरमागे जिभेचं टोक दातांत धरून बसले होते. हातात माउस. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यात कॅल्क्युलेटरपलीकडे न गेलेला माणूस मोठ्या पडद्यावर एकेक पत्रिका उघडून गिऱ्हाइकाला दाखवत होता. पडदा किर्तीने गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावला होता. त्यावर पत्रिकांची तळहाताएवढी चित्रं, आणि फोल्डरांना नावं तर काय, गणपती, मोर, राधाकृष्ण, साध्या, मुंज, साखरपुडा, फायनल. लोक नुसतं बोट दाखवत होते. "ही. नाही, तिच्या बाजूची."

"श्यामकांत! आओ, आओ!" शेठ खूश होऊन म्हणाले. "देख साईं, अब मैं भी ऑपरेटर! ये लडकी ने दस दिन में सब फोटो बना दिया. किसी को बुलाने का ही नहीं."

किसी को बुलाने का ही नहीं. हे वाक्य श्यामकांतच्या पोटात गेलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

किर्तीने त्याच्या कॉम्प्युटरमधली एकही ओळ हलवली नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, तिने फक्त नकला काढून चित्रांत लावल्या होत्या. काही बिघडवलं असतं तर त्याला रागावता आलं असतं. तेवढीही सोय तिने ठेवली नव्हती. उलट तो येताच खुर्ची पुढे केली, "काका, डोळा कसा आहे?" असं विचारलं. तो "बरा आहे" म्हणाला आणि मनात म्हणाला, दिसतंय मला सगळं, काळजी नको.

त्या दिवसापासून तो हाका मोजायला लागला. सोमवारी सहा. मंगळवारी तीन, त्यातली एक पंखा लावायला. तिकडे "किर्ती बेटा, किर्ती बेटा" चालू होतं, आणि प्रत्येक बेट्यागणिक त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. चोपन्न वर्षांच्या माणसाने पंचविशीच्या पोरीवर जळावं, हे शोभत नाही, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग काय? दात दुखतो तेव्हा दुखणं शोभत नाही म्हणून तो थांबत नाही.

मग तो तिच्या चुका वेचू लागला. आणि चुका होत्या, हेही सांगायला हवं. एकाच पत्रिकेच्या बारा बारा नकला पडलेल्या. नाव नुसतं "नवीन", "नवीन दोन", "नवीन खरी". एका दुपारी तिला साठ फाइलींची नावं बदलायची होती, तर ती एकेक फाइल धरून, एकेक नाव टाइप करत बसली. त्याला ते काम एका ओळीचं होतं. तो रुमालाने चष्मा पुसत सगळं बघत राहिला आणि त्याला इतका आनंद झाला की त्या दुपारी त्याने दुसरा चहा मागवला.

पंचविसाव्या फाइलीला तिने मान वर केली. "काका, हे एकदम होत नाही का हो?"

"तुमच्या चित्रांत बघा की," तो म्हणाला. "चित्रांत सगळं असतं म्हणे."

 तिने खाली मान घालून उरलेल्या पस्तीस फाइली केल्या. त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही.

घरी त्याने हे बकुळाला मोठ्या खुशीत सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "मग सांगायचं होतं की. जीभ झिजली असती?"

"तिला शिकायचंच नाहीये. नुसती चित्रं."

"चित्रं बरी." बकुळाने काड्या बाजूला सारल्या. "आपल्या सोनियाच्या लग्नाचे फोटो त्या तुमच्या कॉम्प्युटरात चार वर्षं आहेत. मी एकदा तरी माझ्या हाताने उघडलेत? आत गेलं की एसएनवाय अमुक, एसएनवाय तमुक. पोरीचं तोंड बघायला नवऱ्याचा अर्ज करावा लागतो."

"सांगितलं की दाखवतो ना मी."

"दाखवता. भाव खाऊन दाखवता." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही जळताय हो त्या मुलीवर."

"मी?" श्यामकांत हसला. ते हसू बकुळाला पटलं नाही, त्यालाही पटलं नाही.

पुढच्या सोमवारी सुकऱ्या मेंगाळ आणि त्याची बायको नवसी दुकानात आली. बारवी धरणाच्या अलीकडच्या वाडीवरची माणसं, भातशेती करणारी. तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीची पत्रिका इथेच छापली होती, आता धाकटीचं लग्न होतं. सुकऱ्या सरळ श्यामकांतच्या टेबलाशी गेला. "दादा, थोरलीसारकीच करा. गनपती तोच, रंग तोच. आमाला ती लाभली."

किती दिवसांनी कुणी थेट त्याच्याकडे आलं होतं! श्यामकांतने मेंगाळ, बारवी, पहिली मुलगी अशी फाइल पापणी लवायच्या आत काढली, तिची नक्कल करून डी टू नाव दिलं आणि नवरा-नवरीची नावं, तारीख, लग्नाची जागा बदलली. नवसी खुर्चीच्या मागे उभी राहून ओठ हलवत वाचत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हितं श्री हाय," ती म्हणाली. "आमचा म्हातारा दिवाळीत गेला."

थोरलीच्या पत्रिकेत पहिलं नाव होतं, श्री. धोंडिबा मेंगाळ यांची नात. सुकऱ्याचा बाप. श्यामकांतने "अरेरे" म्हणत श्री काढून कैलासवासीचं कै. घातलं. खाली निमंत्रकांत धोंडिबाचं नाव होतं, ते काढून तिथे सुकऱ्याच्या आईचं, मोतीबाईचं नाव लिहिलं. नवसीने सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मान डोलावली. किर्ती तेव्हा फोनवर होती. टेबलाशी झालेलं हे बोलणं तिने ऐकलं नाही. तिच्या वहीत फक्त मेंगाळ, दोनशे पत्रिका, बुधवारी छपाई एवढंच होतं.

आता दुकानाची नवी पद्धत अशी होती की पक्की झालेली पत्रिका, दोन्ही कॉम्प्युटर जोडलेले असल्याने, थेट किर्तीच्या "फायनल"मध्ये जायची. श्यामकांतने नाक मुरडत एफ सिक्स दाबलं आणि ती तिथे टाकली.

मंगळवारी दुपारी शेठ एका गिऱ्हाइकाला पत्रिका दाखवत होते. मोठ्या पडद्यावर "फायनल" उघडं होतं, बाजूला बाकीच्या फोल्डरांची यादी. शेठचा हात थोडा कापतो. त्यांनी एका चित्रावर माउसचं बटण दाबलं, ते दाबलेलंच राहिलं, चित्र हाताबरोबर सरकलं आणि बोट सुटलं तेव्हा बाण "मोर"वर होता. शेठना काही कळलं नाही. ते पुढची पत्रिका दाखवू लागले.

श्यामकांतला कळलं. त्याच्या डाव्या कप्प्यात "फायनल"ची यादी उघडी होती, तिच्यातली एक ओळ त्याच्या डोळ्यांदेखत गेली. मेंगाळ, बारवी, डी टू. त्याने उजव्या कप्प्यात "मोर" उघडून पाहिलं. होती तिथे, शंभर मोरांच्या मधोमध एक गणपती.

एक एफ सिक्स दाबलं असतं तर संपलं असतं. बोट बटणावर गेलंही होतं. ते त्याने मागे घेतलं.

उद्या शोधतील, त्याने मनाशी म्हटलं. चित्रांत सापडणार नाही. सर्चमध्ये मेंगाळ लिहितील, तर माझ्या नावात मेंगाळ कुठेय, एमजीएल आहे. मग कुणाला बोलावणार? त्या विचाराने त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळी तो घरी जाताना गुणगुणत होता.

बुधवारी नितीन मागून ओरडला, "किर्ती, मेंगाळ दे, मशीन मोकळं आहे!" किर्तीने "फायनल" उघडलं. वर गेली, खाली आली. "गणपती"त पाहिलं, "साध्या"त पाहिलं. श्यामकांत चार हातांवर बसला होता आणि एका अर्धवट जाहिरातीकडे टक लावून बघत होता. कान मात्र तिच्याकडे. आता म्हणेल काका. आता म्हणेल.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलंही. ते त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं आणि मान आणखी वळवली. मग तिने पडद्याकडे तोंड केलं. काकांना विचारून काय उत्तर येतं ते तिला साठ फाइलींच्या दुपारी कळलं होतं. तिला "गणपती"त थोरलीची जुनी पत्रिका सापडली. सुकऱ्या ठेवून गेला होता त्या कागदावर नवरा-नवरीची नावं, तारीख आणि जागा होती. तिने ती भराभर बदलायला घेतली.

श्यामकांतने तिच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याला वरची ओळ दिसली. श्री. धोंडिबा मेंगाळ.

त्याचं तोंड उघडलं. खरंच उघडलं. "किर्ती" यातला "कि" जिभेवर आला होता, तेवढ्यात शेठ मागून येऊन तिच्या खांद्यावरून डोकावले. "पाँच मिनिट में नयी बना दी? वाह बेटा! तू तो मशीन है, मशीन. श्यामकांत, देख रहा है?"

श्यामकांतने तोंड मिटलं. बघतोय, तो म्हणाला. आणि दोनशे पत्रिका छापून, मोजून, गठ्ठा बांधून गेल्या.

शनिवारी सकाळी शटर वर होतंय तोच सुकऱ्या आणि नवसी दारात उभी. गठ्ठा सोडलेला.  नवसीने एक पत्रिका काउंटरवर ठेवली.

"पयली पत्रिका देवापुडं ठेवून वाचायची असती आमच्यात," ती म्हणाली. "सगली वाडी बसलेली. भाच्यानं वाचली, तर श्री धोंडिबा. खाली निमंत्रक, तितं पन धोंडिबा. सासू माजी उठून दाराकडं बगाया लागली. म्हनं, आला का? कुटं हाय?"

 किर्तीने पत्रिका उचलून वाचली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी जुनीच घेतली. नवी मला सापडलीच नाही."

"सापडलीच नाही?" शेठ लाल झाले. मग त्यांनी अर्धं उठून, पूर्वीसारखी, दुकान हलवणारी हाक मारली, "श्यामकांत!"

त्या हाकेसाठी तो किती दिवस बसून होता! श्यामकांतने चहा संपवला नाही, चष्मा पुसला नाही. ताडकन खुर्चीत बसला आणि बोटं चालवली. दोन कप्पे, चार बटणं, आणि पत्रिका पडद्यावर. कै. धोंडिबा मेंगाळ यांची नात. निमंत्रक, श्रीमती मोतीबाई.

"देखा?" शेठ गरजले. "इसको बोलते हैं ऑपरेटर! किर्ती, कल से तू सिर्फ काउंटर देख. कम्प्यूटर को हाथ नहीं लगाने का."

सुकऱ्याने श्यामकांतपुढे हात जोडले. "तुमी होता म्हनून, दादा."

किर्ती रडत नव्हती. ती त्याच्या पडद्याकडे बघत होती, दोन कप्प्यांकडे, वर लिहिलेल्या फोल्डरच्या नावाकडे. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही शोधलं नाहीत."

"काय?"

"सर्चला नाव टाकलं नाहीत. थेट 'मोर'मध्ये गेलात. गणपतीची पत्रिका मोरांत कोण बघेल?"

"अरे, एक्स्पर्ट है वो," शेठ म्हणाले.

श्यामकांतने हो म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. शेठना यातलं काही कळत नाही, कधीच कळलं नसतं. आपल्याच बोटांनी, त्या इतक्या ऐटीत चालणाऱ्या बोटांनी, आपल्याला उघडं पाडलं, हे फक्त तिला आणि त्याला कळलं होतं. आणि ती भांडत नव्हती. नुसती उत्तराची वाट बघत होती. त्याला ते सोसवेना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "शेठ, मंगळवारी तुमच्या हातून ती सरकली. मी पाहिली. बुधवारी ही जुनी पत्रिका काढून बसली, तेव्हा वर श्री होता, तोही पाहिला. गप्प बसलो."

शेठचं तोंड उघडंच राहिलं. "मेरे हाथ से? तो बोला क्यों नहीं?"

श्यामकांतच्या कानशिलांत धगधगत होतं. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? डोळा दुखत होता म्हणायचं? "जळत होतो, शेठ," तो म्हणाला. "हिच्यावर. तुम्ही मला हाकच मारेनात. वाटलं, अडलात की माराल."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मागे नितीनने मशीन बंद केलं. शेठ खुर्चीत बसले, सुकऱ्याने जोडलेले हात सोडले, आणि पहिल्यांदा बोलली ती नवसी. तिचा आवाज चढला नाही.

"आमचा मानूस मेला, दादा," ती म्हणाली, "आनि तुमी हाकंसाठी बसून होता?"

श्यामकांत उठला. त्याने आपली खुर्ची किर्तीपुढे सरकवली आणि छपाईचा नवा कागद आणायला मागे गेला.